‘जणू’ दिसले की उत्प्रेक्षा? अलंकार ओळखताना नेमके काय पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावीतल्या एका विद्यार्थिनीला अलंकारांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, उपमेय (ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे ते) आणि उपमान (ज्याच्याशी त्याची तुलना केली ते) म्हणजे काय हेही तिला सांगता येते. परंतु कृतिपत्रिकेत अनोळखी ओळ समोर आली की उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांत तिची गल्लत होते. ‘सारखा’ दिसले की उपमा, ‘जणू’ दिसले की उत्प्रेक्षा आणि दोन्ही नसले की रूपक, असा नियम तिने स्वतःपुरता केला आहे. तो घरी सराव करताना चालतो आणि परीक्षेत फसतो. यापेक्षा पक्की युक्ती आहे का, असे ती विचारते.

तू दहावीत असल्याचे लिहिले आहेस, म्हणून वर्गातल्या सवयीने ‘तू’च म्हणते. तुझी अडचण पाठांतराची नाही, हे आधी स्पष्ट करू. तू ओळीत शब्द शोधते आहेस आणि अलंकार मात्र त्या शब्दात नसून ओळीच्या म्हणण्यात आहे. ‘सारखा’, ‘सम’, ‘परी’, ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’ हे शब्द खुणेचे आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा, पण त्यांना पुरावा मानू नये. पाहायचे ते हे, की दोन वस्तूंच्या नात्याविषयी कवी कोणता दावा करतो आहे. त्या दोन वस्तू सारख्या आहेत असे तो म्हणतो, की पहिली ही दुसरीच असावी अशी कल्पना करतो, की त्या दोन्ही एकच आहेत असे गृहीत धरून पुढे बोलतो, की पहिली मुळी पहिली नाहीच असे म्हणतो, की पहिलीने दुसरीला मागे टाकले असे म्हणतो? हा दावा तुला तुझ्या साध्या शब्दांत सांगता आला, की अलंकाराचे नाव फार दूर राहत नाही.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. कोणत्या इयत्तेला कोणते अलंकार नेमले आहेत, हे मंडळाप्रमाणे आणि पाठ्यपुस्तकाप्रमाणे बदलते, म्हणून तुझ्या पुस्तकातली यादी हीच तुझी मर्यादा समज. शालेय व्याख्या आणि संस्कृत काव्यशास्त्रातल्या व्याख्या काही ठिकाणी वेगळ्या आहेत. तिथे परीक्षेपुरती शालेय व्याख्या प्रमाण मानावी. स्पर्धा परीक्षांमध्ये यादी बरीच लांबते, पण ओळखण्याची रीत तीच राहते.

माझी शिकवण्याची पद्धत अशी आहे की उपमेय आणि उपमान यांची एकच जोडी घ्यायची आणि तिच्यावर दावा बदलत न्यायचा. ज्वारीच्या कणसातले दाणे हे उपमेय आणि मोती हे उपमान घेऊ. ‘कणसातले दाणे मोत्यांसारखे टपोरे आहेत’ असे म्हटले तर उपमा झाली, कारण दोन वस्तू वेगळ्या आहेत हे मान्य करून त्यांच्यातले साम्य सांगितले. ‘कणसात जणू मोतीच भरले आहेत असे हे दाणे’ ही उत्प्रेक्षा, कारण इथे साम्याच्या पुढे जाऊन दाणे हे मोतीच असावेत अशी कल्पना केली. ‘दाण्यांचे मोती पाखरांनी टिपून नेले’ हे रूपक; इथे दोहोंत भेद उरलेला नाही. ‘हे दाणे नव्हेतच, हे मोती आहेत’ असे म्हणताच अपन्हुती होते, कारण उपमेयाचे अस्तित्व नाकारले गेले. ‘मोती नुसते मिरवायचे, हे दाणे तर भूकही भागवतात’ हा व्यतिरेक. उपमेय वरचढ ठरले. ‘या दाण्यांना उपमा द्यायची तर या दाण्यांचीच’ हा अनन्वय. ‘हे दाणे म्हणावेत की मोती?’ असे म्हणून निर्णय टाळला तर ससंदेह. आणि मोती समजून एखादा राजहंस कणसावर उतरला, असे वर्णन केले तर भ्रान्तिमान.

ही रीत माझी नाही. सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांनी ‘चित्रमीमांसा’ या ग्रंथात उपमेला नटी म्हटले आहे: ही एकटीच काव्याच्या रंगमंचावर निरनिराळ्या भूमिका घेऊन नाचते आणि जाणकारांचे मन रिझवते. पुढे त्यांनी मुख आणि चंद्र ही एकच जोडी घेऊन, सांगण्याची तऱ्हा बदलली की अलंकार कसा बदलतो, हे दाखवले आहे. तू मुख आणि चंद्राऐवजी तुझ्या आसपासची जोडी घे. मुलांना चंद्रमुखीपेक्षा ज्वारी लवकर कळते असा माझा अनुभव आहे.

आता उपमेकडे जरा बारकाईने पाहू. उपमेत चार घटक असतात: ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे ते उपमेय, ज्याच्याशी तुलना केली ते उपमान, दोहोंत असलेला समान गुण म्हणजे साधारण धर्म आणि साम्य दाखवणारा ‘सारखा’, ‘सम’ असा साधर्म्यवाचक शब्द. चारही हजर असतील तर ती पूर्णोपमा आणि एखादा गाळलेला असेल तर लुप्तोपमा. ‘तिचा आवाज कोकिळेसारखा आहे’ यात गोडपणा हा समान गुण सांगितलेला नाही, तो आपण समजून घेतो. तरीही ती उपमाच आहे. विद्यार्थ्यांची पहिली चूक इथे होते, की ओळीत जे नाम आधी येते त्यालाच ते उपमेय ठरवतात. कवितेत शब्दक्रम कसाही असू शकतो, ‘मोत्यांसारखे हे दाणे’ असेही म्हणता येते. एक गोष्ट मात्र मराठीत भरवशाची आहे: ‘सारखा’, ‘परी’, ‘सम’, ‘प्रमाणे’, ‘गत’ हे शब्द उपमानाला चिकटून येतात. ते ज्याला चिकटले ते बाजूला काढ. मग ‘बोलणे कशाविषयी चालले आहे?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे उपमेय.

दुसरे असे, की प्रत्येक तुलना ही उपमा नसते. ‘हा शर्ट त्या शर्टासारखा आहे’ यात साम्य आहे, पण अलंकार नाही. न्यायशास्त्रात, म्हणजे ज्ञान आणि तर्क यांचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनात, ‘गवय हा प्राणी गाईसारखा असतो’ हे वाक्य ज्ञान मिळवण्याच्या साधनाचे उदाहरण म्हणून येते. रानात गेलेल्या माणसाला त्यावरून गवय ओळखता येतो, पण त्या वाक्याला कोणी कविता म्हणत नाही. सतराव्या शतकातल्या जगन्नाथ पंडितांनी ‘रसगंगाधरा’त उपमेची व्याख्या करताना ते सादृश्य सुंदर असावे आणि वाक्याच्या अर्थाला खुलवणारे असावे, अशी अट घातली, ती याच कारणासाठी. आणि ‘तो सारखा बोलत असतो’ यातल्या ‘सारखा’चा तर तुलनेशी संबंधच नाही. हसू नकोस, घाईत तपासलेल्या सराव वह्यांत या वाक्याखाली ‘उपमा’ लिहिलेले मी पाहिले आहे.

सगळ्यात मोठा गोंधळ उपमा आणि उत्प्रेक्षा यांत होतो, म्हणून इथे थोडी थांबते. तुझ्याआधी हा गोंधळ फार मोठ्या माणसांचाही झालेला आहे, याने तुला जरा धीर येईल. संस्कृतात ‘इव’ हा शब्द ‘सारखा’ आणि ‘जणू’ या दोन्ही अर्थांनी येतो. ‘मृच्छकटिक’ नाटकात अंधाराचे वर्णन आहे: ‘लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः’, म्हणजे अंधार जणू अंगांना माखतो आहे, आकाश जणू काजळाचा वर्षाव करते आहे. ‘इव’ आहे म्हणून काहींनी याला उपमा म्हटले. दंडी या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ‘काव्यादर्शा’त हे मत खोडून काढले. त्याचे म्हणणे असे की उपमान म्हणून एखादी वस्तू हवी. ‘माखतो’ हे क्रियापद आहे आणि क्रियापद उपमान होऊ शकत नाही, असे जाणत्यांनी आधीच सांगून ठेवले आहे. शिवाय अंधार आणि माखणे यांत समान गुण तो कोणता काढायचा? अंधार पसरला आहे आणि ते पसरणे म्हणजे जणू माखणे आहे, अशी कल्पना कवीने केली आहे; म्हणून ही उत्प्रेक्षा. पुढे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उत्प्रेक्षेचे उदाहरण म्हणून हीच ओळ दिली. म्हणजे एकाच शब्दावरून दोन अलंकारांत गल्लत होऊ शकते आणि तिचा निकाल दाव्याकडे पाहूनच लावावा लागतो, हे हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच ठरलेले आहे.

हीच कसोटी मराठीला लाव. ‘ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळला’ या वाक्यात ‘सारखा’ आहे. पण पावसाची तुलना कोणत्या वस्तूशी केली? कशाशीच नाही. ढग फुटल्याची कल्पना केली आहे. दावा उत्प्रेक्षेचा आहे. याउलट ‘तो जणू वाऱ्यासारखा धावला’ यात ‘जणू’ असूनही दावा साम्याचा आहे: तो आणि वारा, वेग हा समान गुण. इथे ‘जणू’ केवळ जोर देण्यासाठी आला आहे, म्हणून ही उपमा. अशी सीमेवरची वाक्ये शालेय परीक्षेत सहसा देत नाहीत, हे खरे. तिथे उदाहरणे बहुधा ठळक निवडलेली असतात. पण ठळक उदाहरणे सोडवायलाही हीच रीत उपयोगी पडते आणि ती एकदा अंगवळणी पडली की शंका घ्यायची वेळच कमी येते.

‘वाटते’ या शब्दाची गंमत वेगळी आहे. ‘आज पाऊस येईल असे वाटते’ हा अंदाज आहे, उत्प्रेक्षा नव्हे, कारण बोलणाऱ्याला पाऊस येणे खरोखरच शक्य वाटते. उत्प्रेक्षेत कवीला पक्के ठाऊक असते की ही वस्तू ती नाही, आणि तरीही तो ती असल्याची कल्पना रंगवतो. हा भेद लक्षात आला की ससंदेह आणि भ्रान्तिमान हेही सुटतात. उपमेत दोन वस्तू दोन आहेत हे उघड कबूल केलेले असते. उत्प्रेक्षेत ते ठाऊक असूनही एकीवर दुसरीची कल्पना केली जाते. ससंदेहात मन निर्णय न घेता दोन्हींमध्ये घुटमळते. भ्रान्तिमानात फसगत पूर्ण होते. मात्र फसतो तो कवितेतला हंस, भुंगा किंवा नायक. कवी आणि वाचक दोघेही शुद्धीवर असतात.

रूपकाकडे वळू. ‘सारखा’ही नाही आणि ‘जणू’ही नाही म्हणून रूपक, हा तुझा नियम सर्वांत धोक्याचा, कारण त्या चाळणीतून व्यतिरेक, अपन्हुती, दृष्टान्त असे सगळेच रूपकात जमा होतात. रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही ओळीत हजर असतात आणि ती एकच मानून पुढचे वाक्य चालते. हे ‘चालणे’ क्रियापदात पाहावे. ‘ज्ञानदीप’ या समासाचा विग्रह दोन तऱ्हांनी होऊ शकतो, दिव्यासारखे ज्ञान किंवा ज्ञान हाच दिवा. मग ठरवायचे कसे? नामदेवांच्या नावे प्रसिद्ध असलेली ‘नाचू कीर्तनाचे रंगी, ज्ञानदीप लावू जगी’ ही ओळ घे. लावायचा असतो तो दिवा; म्हणजे क्रिया उपमानाला शोभणारी आहे आणि ती ज्ञानाला लागू केली आहे. दोन्ही एक मानल्याशिवाय हे वाक्य उभे राहत नाही, म्हणून रूपक. ‘संसारसागर तरून जाणे’ यातही तरून जायचा असतो तो सागर. संस्कृत ग्रंथांत ‘मुखचंद्र’ या समासाबाबत हीच कसोटी वापरली आहे: मुखचंद्र प्रकाशतो असे म्हटले तर रूपक, कारण प्रकाशणे चंद्राचे, मुखचंद्राचे चुंबन घेतो असे म्हटले तर उपमा, कारण चुंबन मुखाचे. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकांवर खसखस पिकते, पण कसोटी मात्र कायमची लक्षात राहते.

आणि उपमेय ओळीत नसेलच तर? ‘खळ्यात मोत्यांची रास पडली’ यात दाण्यांचा उल्लेखही नाही. उपमानाने उपमेयाला गिळले आहे. संस्कृत काव्यशास्त्र याला अतिशयोक्तीचा एक प्रकार मानते. शालेय मराठीत मात्र एखादी गोष्ट आहे त्यापेक्षा फार फुगवून सांगितली की अतिशयोक्ती, एवढाच अर्थ अपेक्षित असतो. परीक्षेत दुसरा अर्थच धर.

व्यतिरेकासाठी ज्ञानेश्वरांसारखे उदाहरण सापडणार नाही. शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ते म्हणतात, ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके । ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥’ बोलणे मराठी बोलाविषयी आहे, म्हणून ते उपमेय. अमृत हे उपमान. मराठी अमृतासारखी गोड आहे असे ते म्हणत नाहीत. ती पैज लावून अमृताला जिंकते असे म्हणतात. पुष्कळ मुले व्यतिरेक ओळखण्यासाठी ‘हून’ किंवा ‘पेक्षा’ शोधतात. या ओवीत ते शब्द नाहीत, तरीही व्यतिरेक निर्विवाद आहे. उलट ‘तू माझ्याहून उंच आहेस’ यात ‘हून’ आहे आणि अलंकार काहीच नाही. मोरोपंतांची ‘झाले बहु, होतिल बहु, आहेतहि बहु, परंतु यासम हा’ ही ओळही अशीच पाहण्यासारखी आहे. ‘सम’ हा उपमेचा ठरीव शब्द तिच्यात बसलेला आहे, पण तुलना ज्याची त्याच्याशीच केली आहे. दुसरी वस्तूच नाही, म्हणून अनन्वय.

दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास हे तुझ्या प्रश्नात नव्हते, पण पुढच्या इयत्तांत ते तुला छळतील, म्हणून एवढे सांगून ठेवते. दृष्टान्तात आधी एक गोष्ट सांगतात आणि ती पटावी म्हणून तशीच दुसरी शेजारी ठेवतात. तुकाराम महाराज ‘लहानपण देगा देवा’ म्हणून लगेच मुंगीला साखरेचा रवा आणि ऐरावताला अंकुशाचा मार दाखवतात. लहान होण्यात सुख का, हे त्या चित्रांवरून कळते. अर्थान्तरन्यासात एका विशिष्ट प्रसंगावरून सर्वांना लागू पडेल असा सामान्य सिद्धान्त काढतात, किंवा सिद्धान्त आधी सांगून त्याला प्रसंगाचा आधार देतात. रघुनाथ पंडितांच्या नलदमयंती-आख्यानात नळाने हंस पकडला तेव्हा बाकीचे पक्षी भिऊन उडून गेले, एवढा प्रसंग आहे, आणि त्यावर कवी म्हणतो, ‘कठिण समय येता कोण कामास येतो’. ही ओळ पक्ष्यांपुरती राहिली नाही, म्हण होऊन बसली. तिचा सामान्यपणा सिद्ध करायला याहून वेगळे काय हवे?

शब्दालंकारांत तुला अडचण असल्याचे दिसत नाही. अनुप्रास आणि यमक कानाला कळतात; ओळ मोठ्याने वाचावी, एवढेच पुरे. श्लेष, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ निघणे, मात्र डोळ्यांना आणि कानांना दोघांनाही चकवतो. जुन्या काव्यातली दमयंती ‘औषध नलगे मजला’ म्हणते. आईला ऐकू येते ते ‘औषध न लगे मजला’, औषध नको. मुलीला म्हणायचे असते ‘औषध नल गे मजला’, माझे औषध नळ आहे. अशा ओळीत शब्द तोडण्याची जागा बदलून पाहावी लागते.

आता उत्तर कसे लिहावे याविषयी. ओळ आली की पेन्सिलीने उपमेयाखाली एक रेघ आणि उपमानाखाली दोन रेघा मार. नंतर ‘कवी म्हणतो की…’ अशी सुरुवात करून दावा एका वाक्यात मनाशी पुरा कर, आणि नंतरच नाव ठरव. साधर्म्यवाचक शब्द सर्वांत शेवटी पाहा. तो तुझ्या निर्णयाशी जुळला तर उत्तम, जुळला नाही तर दावा पुन्हा वाच. प्रश्नात फक्त नाव विचारले असेल तर तेवढेच लिही. स्पष्टीकरण मागितले असेल तर उपमेय, उपमान आणि दावा या क्रमाने लिही. व्याख्या उतरवून काढण्यापेक्षा ओळीतले शब्द घेऊन केलेले स्पष्टीकरण तपासणाऱ्याला अधिक पटते.

एकाच ओळीत दोन अलंकार दिसले तर घाबरू नकोस. ते स्वाभाविक आहे आणि शास्त्राने त्याचीही सोय केलेली आहे. वर दिलेल्या ‘ज्ञानदीप लावू जगी’ या ओळीत अर्थाच्या अंगाने रूपक आहे, आणि ‘रंगी’ व ‘जगी’ यांमुळे यमकही आहे. प्रश्नात ‘अर्थालंकार ओळखा’ असे असेल तर रूपक लिही. एखादा शब्द अधोरेखित केला असेल तर त्या शब्दात जो अलंकार आहे तो लिही. आणि प्रश्न मोघम असेल तर तुझ्या पाठ्यपुस्तकाच्या यादीत त्या दोहोंपैकी जो आहे, तोच अपेक्षित आहे असे समज.